भट्टीचा उतारा

त्या उन्हाळ्यात पाणी इतकं आटलं, की चुनाभट्टीच्या मालकानं हौदाचा नळ अर्ध्यावर आणला. भट्टीत भाजून निघालेली दगडाची कळी हौदात टाकायची, पाण्यानं विझवायची आणि लांब दांड्यानं ढवळत राहायचं, असं हौदावरचं काम. पाणी भरपूर असलं की कळी फुसफुसते आणि विरून जाते. पाणी कमी पडलं की तापते, उकळते आणि अंगावर उडते. हे हौदावरच्या प्रत्येक पोराला ठाऊक होतं. मुकादमाला तर त्यांच्याआधी ठाऊक होतं.

सगळे ज्याला वाचक म्हणायचे, त्याची थोरली लेक हौदावर दांडा मारत होती. उसळी आली तेव्हा ती वाकलेली होती. ती किंचाळली नाही. दांडा सोडला, दोन्ही हात तोंडावर दाबले आणि मटकन खाली बसली. डोळे धुवायला म्हणून हौदाशेजारी एक पिंप ठेवलेलं असायचं. ते कोरडं होतं, कारण त्यातलं पाणी मुकादमानं सकाळीच हौदात ओतायला लावलं होतं. तिच्याबरोबर काम करणारा उंच्या, अंगानं नुसता बांबू, पण त्यानं तिला खांद्यावर टाकलं आणि वस्तीतल्या नळाकडे पळत सुटला.

नळावर बायकांची रांग होती आणि रांगेत तिची आईच उभी होती. तिनं आपला हंडा लेकीच्या तोंडावर रिकामा केला. मग न विचारता पुढचीचा घेतला, मग तिच्या पुढचीचा. कुणी अडवलं नाही. पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. दवाखान्यातून पोर परत आली ती डाव्या डोळ्याच्या जागी कापसाचा बोळा आणि गालापासून मानेपर्यंत कातडीचा चोळामोळा घेऊन.

तिचा बाप भट्टीत जाळ घालायचा. वाचक हे नाव त्याला पडलं, कारण सुटीच्या दिवशी प्रार्थनेच्या खोलीत ग्रंथ तोच वाचायचा. शाळा फारशी नव्हती, पण बापानं मांडीवर बसवून अक्षर शिकवलं होतं आणि आवाज देवानं दिला होता. तो वाचायला लागला की मागे कुजबुजणारी माणसं आपोआप गप्प व्हायची. या गोष्टीचा त्याला अभिमान होता. आयुष्यात अभिमान धरावा असं त्याच्याकडे दुसरं फार नव्हतं.

लेक घरी आली त्या संध्याकाळी तो तिच्या खाटेशी ग्रंथ घेऊन बसला. त्यानं भट्टीचा उतारा काढला. त्यात देव माणसांना सांगतो, की मी तुम्हाला आगीतून नेतो ते जाळायला नाही, उजळायला. हा उतारा वाचकाइतका कुणालाच कळत नाही असं वस्तीत म्हणत.

"बघ," तो म्हणाला, "डोंगरातला दगड असतो. काळा, जड, कुणाच्या कामाचा नाही. त्याला भट्टीत घातला की तो पांढरा होतो, हलका होतो. मग त्याच्यावर घरं उभी राहतात. माणसाचं तसंच आहे. तुला देवानं उगाच नाही निवडलं."

लेक भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"दगडाला विचारलं होतं का कुणी?" ती म्हणाली.

"काय?"

"काही नाही बाबा. वाचा तुम्ही."

तो वाचत राहिला. आई चुलीपाशी बसून तिच्या गालाला लावायचं मलम बोटावर घेऊन थांबली होती, वाचन कधी संपतं याची वाट बघत.

इकडे हौदावर दांडा हातात घ्यायला कुणी तयार होईना. हौदाचं काम तरण्या पोरापोरींचंच, कारण तिथं चपळाई लागते. पोरं सकाळी यायची आणि हौदाच्या कडेला बसून राहायची. शिव्या दिल्या तरी उठत नव्हती. भट्टीतून निघालेल्या कळीचा ढीग साठायला लागला. मुकादमानं घरी पाठवायची धमकी दिली, तेव्हा उंच्या म्हणाला, "पाठवा. घरी दोन डोळे घेऊन जाऊ."

मालकानं वाचकाला कचेरीत बोलावलं. कचेरीची फरशी नुकतीच पुसलेली होती. शिपायानं दारात एक वर्तमानपत्र अंथरलं आणि म्हणाला, "याच्यावर उभा राहा. चुना सांडतोस अंगातून." वाचक वर्तमानपत्रावर उभा राहिला. पावलं कागदाच्या बाहेर जाऊ नयेत म्हणून त्यानं ती जवळ घेतली.

"कशी आहे पोर?" मालकानं विचारलं.

"आहे मालक. सोसतेय."

"तुझी म्हणून सोसतेय. बाकीची बघ, कशी उधळलीत. त्यांना कुणी सांगणारंच नाही, दुःख कशासाठी असतं ते. कोवळी पोरं, एकदा मन कडू झालं की आयुष्यभर कडूच राहतं. तू त्यांना रोज संध्याकाळी घेऊन बस. ग्रंथ वाच, समजावून सांग. जाळाच्या कामातून तुला तेवढा वेळ मोकळीक."

वाचकाला हे खोटं वाटलं नाही. पोरांची मनं कडू झालीच होती. त्याच्या घरातच एक कडू मन भिंतीकडे तोंड करून पडलं होतं. तो म्हणाला, "देवाचं काम आहे मालक. करतो."

बाहेर पडताना वर्तमानपत्राचा एक तुकडा त्याच्या टाचेला चिकटून आला.

पहिल्या संध्याकाळी प्रार्थनेच्या खोलीत पाचसहा जणंच आली, तीही मुकादमानं पिटाळली म्हणून. उंच्या दाराशी पाय लांब करून बसला. कुणी नखं कुरतडत होतं, कुणी चुन्यानं फाटलेल्या बोटांच्या भेगांत तेल जिरवत होतं. वाचकानं उपदेश केला नाही. तो म्हणाला, "माझ्या पोरीचा डोळा गेलाय. मला रात्री झोप लागत नाही. मी तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी वाचतोय. ऐकायचं तर ऐका." मग त्यानं उतारा काढला.

त्या दिवशी आवाज असा लागला की उंच्यानं पाय आखडून घेतले. हौदावर चिमणी म्हणून एक पोरगी होती, सगळ्यांत बारकी. थंडीत तिची आई छातीच्या दुखण्यानं गेली होती आणि तेव्हापासून ती कुणाशी धड बोलली नव्हती. ती हुंदके देऊन रडायला लागली. वाचक थांबला नाही, फक्त आवाज हळू केला. वाचन संपल्यावर चिमणीनं विचारलं, "काका, म्हणजे माझी आई फुकट नाही ना गेली?"

"नाही पोरी. फुकट काही जात नाही."

ती घरी गेली ती मोकळी होऊन. हे खरं होतं, आणि वाचकानं ते डोळ्यांनी पाहिलं होतं. पुढं कुणी काही म्हटलं तरी त्या संध्याकाळचं चिमणीचं तोंड त्याला खोटं म्हणता येत नव्हतं.

हळूहळू सगळी पोरं यायला लागली. दुःख सोसलं तर माणूस पांढरा होतो, ही गोष्ट त्यांना आवडली. आपण रोज अंगानं पांढरे होतो त्यावर त्यांनी विनोदही केले. आणि एका सकाळी, कुणी न सांगता, चिमणीनं कडेचा दांडा उचलला. तिच्या मागून बाकीच्यांनी. उंच्या सगळ्यांत शेवटी उठला. थोरलीच्या जागी वाचकाचा धाकटा मुलगा उभा राहिला. त्याला अजून मिसरूड फुटली नव्हती. मुकादम त्या दिवशी वाचकाच्या पाठीवर थाप मारून गेला.

वाचकानं घरी येऊन हे सांगितलं. वाटलं होतं, बायको काही बोलेल. ती धाकट्याच्या अंगातला सदरा झटकत होती. लेक उठून बसली होती. तिचा बोळा आता निघाला होता. तिथं पापणी आत ओढली गेली होती.

"बाबा, हौदात आता पाणी किती सोडतात?"

"सोडत असतील पुरेसं."

"तुम्ही बघितलं?"

"माझं काम जाळाचं. हौदाशी माझा काय संबंध?"

"पोरांना हौदात घातलंत की तुम्ही."

"मी घातलं नाही!" त्याचा आवाज चढला. "ती स्वतःच्या पायांनी गेली. त्यांची मनं शांत झालीत. तुझंच तेवढं होत नाही."

"ताई," धाकटा सदरा हातात धरून म्हणाला, "पाणी तेवढंच आहे. गुडघ्याच्या खाली. मी लांबून मारतो दांडा. मला नाही होत काही." आणि सगळे आपल्याकडे बघतायत म्हणून तो उगाच हसला.

दुसऱ्या दिवशी वाचक जाळ सोडून हौदाकडे गेला. मुकादम छपरीत चहा पीत होता.

"मुकादम, पाणी जरा वाढवता येईल का?"

"का हो वाचकमहाराज? ग्रंथात लिहिलंय का, किती पाणी सोडावं?"

छपरीतले दोघेतिघे हसले.

"तसं नाही. पोरं आहेत."

"तुम्ही पोरांची मनं बघा, हौद मी बघतो. तुमचं वाचन मस्त चाललंय, मालक खूश आहेत. आता त्यात माती कालवू नका."

वाचक परतला. येताना हौदाच्या कडेनं आला. कळी पाण्याबाहेर डोकी काढून धुमसत होती. धाकटा मान मागे खेचून, डोळे बारीक करून दांडा मारत होता. बापाला बघून त्यानं हात हलवला. वाचकानं हात हलवला आणि जाळाकडे निघून गेला. त्या संध्याकाळी त्याचा आवाज दोनदा अडकला. घशात धूर गेलाय, असं त्यानं पोरांना सांगितलं.

मग मालकाकडे पाहुणे आले. शहरातले भले लोक होते, ठिकठिकाणच्या तरुणांसाठी असं काम करणारे. त्यांना हे वाचन बघायचं होतं. मालकानं वाचकाला निरोप पाठवला, पोरीला घेऊन ये.

"ती कुठं जायची नाही," आई म्हणाली. एरवी ती नवऱ्यापुढे बोलत नसे.

"अगं, दोन घटका बसायचंय. तिला बघून बाकीच्यांना बळ येतं."

"तिला बघून?" आई म्हणाली. "दुकानात मांडायला निघालात का लेकीला?"

वाचक नुसता उभा राहिला, ग्रंथ छातीशी धरून. लेकीनं त्याच्याकडे पाहिलं. बाप एकदम म्हातारा दिसत होता. ती म्हणाली, "जाते मी आई. बाबांसाठी जाते."

खोली भरली होती. तिला पुढं, खुर्चीवर बसवलं, जळकी बाजू पाहुण्यांकडे करून. तसं बसवायचं कुणाच्या मनात नसावं, पण खुर्ची तशी होती. पोरं खाली जमिनीवर. वाचकानं वाचलं, आणि चांगलं वाचलं. पाहुण्यांतल्या एका बाईनं डोळे टिपले. मग मालक उठला. त्यानं लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि मोठ्यानं विचारलं, "सांग पोरी, या सगळ्यातून देवानं तुला काय शिकवलं?"

वाचकाचे ओठ हलत होते, जणू तो तिला उत्तर सुचवत होता.

"पाणी आधी भरायचं," ती म्हणाली. "कळी मग टाकायची."

कुणीतरी मागे खुदकन हसलं आणि थांबलं. पाहुण्यांना नीट कळलं नाही. मालक हसला, "भोळी आहे," म्हणाला, आणि पाहुण्यांना चहाला घेऊन गेला. जाताना त्यानं वाचकाकडे बघितलंसुद्धा नाही. पोरं मात्र जागची हलली नाहीत. मग उंच्या उठला आणि थोरलीला हात देऊन खुर्चीवरून उठवलं.

घरी वाचकानं ग्रंथ फळीवर ठेवला. "माझी मान खाली घातलीस तू," तो म्हणाला. "देवाच्या जागेत. परक्यांपुढं."

"खोटं काय बोलले?"

"खरं बोलायची ती जागा होती?"

"मग कुठली आहे?" तिनं विचारलं. तो जास्तच चिडला आणि न जेवता पडून राहिला.

सकाळी पोरं पुन्हा हौदाच्या कडेला बसली. या वेळी कुणी धमकी दिली नाही. मालक स्वतः आला, हौद बघितला आणि म्हणाला, "बरोबर आहे पोरांचं. पोरांच्या जिवापेक्षा पाणी मोठं नाही. भरा हौद." हौद काठोकाठ भरला. पिंपही भरलं. पोरांनी टाळ्या पिटल्या. चिमणीनं पिंपात हात बुडवून स्वतःच्या तोंडावर पाणी मारून घेतलं.

दुपारी वस्तीतल्या नळाला पाणी आलं नाही. संध्याकाळीही नाही. मुकादम येऊन सांगून गेला, "पाणी तेवढंच आहे बाबांनो. हौदाला पूर्ण पाहिजे म्हणालात, हौदाला दिलं. आता खाणीच्या तळाशी डबकं आहे, तिथून आणा." आणि जाताना वाचकाच्या दाराकडे बोट दाखवून म्हणाला, "काही तक्रार असेल तर तिथं सांगा. ते फार शिकवतात."

खाणीचं डबकं लांब होतं. चढ उभा, पायाखाली सुटी खडी. बायका डोक्यावर हंडे घेऊन उतरायच्या आणि चढताना अर्धं पाणी अंगावर सांडायचं. पाणी गढूळ, दगडाच्या भुकटीनं पांढुरकं. वस्तीला रागवायला मालक लांब होता. वाचकाचं घर जवळ होतं. ज्यांनी त्या दिवशी आपले हंडे पोरीच्या तोंडावर ओतू दिले होते, त्याच बायका आता तिच्या आईला डबक्यावर पुढं येऊ देईनात. एकीनं तिचा भरलेला हंडा पायानं कलंडला.

"लेकीला सांग, अजून बोल म्हणावं. जीभ भाजायची राहिली तिची."

आईनं हंडा उचलला, परत रांगेच्या शेवटी गेली. घरी आली तेव्हा घोट्यापर्यंत चिखल होता. झालं ते तिनं कुणाला सांगितलं नाही. धाकट्यानं ते बाहेरून ऐकून आणलं.

वाचकाला जाळावरून काढून खाणीत दगड फोडायला घातलं. या वयात घण उचलताना त्याचे दंड थरथरायचे. हातांवर फोड आले, फुटले, पुन्हा आले. सुटीच्या दिवशी प्रार्थनेच्या खोलीत शहरातून आणलेला एक तरुण ग्रंथ वाचायला लागला. पहिल्या दिवशी वाचक मागं बसून ऐकत होता. त्याचाच उतारा, त्याचीच दगडाची आणि चुन्याची उपमा. आवाज गोड होता. लोक मान डोलवत होते. दुसऱ्या वेळेपासून वाचक गेला नाही.

एका संध्याकाळी, उजेड असतानाच, चिमणी दारात आली. तिच्या एका हातात पाण्याचा डबा होता. तो तिनं आत ठेवला.

"काका, वाचा ना."

"तिकडं नवीन माणूस वाचतो की."

"तो छान वाचतो," चिमणी म्हणाली. "पण त्याचं कुणी गेलेलं नाही."

वाचकानं आपले सोललेले हात पुढं केले. "काय वाचू? मी तुम्हाला सांगितलं, सगळ्याला अर्थ असतो. मला तो माहीत नव्हता पोरी. मी सांगितलं, कारण मलाच ऐकायचं होतं."

चिमणी तिथंच खाली बसली. तेवढ्यात उंच्या आला, मग आणखी दोघं. खोली लहान, सगळे एकमेकांना चिकटून बसले. थोरली खाटेवरून उठली, फळीवरचा ग्रंथ काढला आणि बापाच्या मांडीवर ठेवला.

"वाचा बाबा. पण भट्टी नको. दुसरं काही नाही का त्यात?"

तो पानं उलटत राहिला. मग एका ठिकाणी थांबला. तो भाग त्यानं कधीच मोठ्यानं वाचला नव्हता, कारण तो ऐकून माणसं खचतात असं त्याच्या बापानं सांगितलं होतं. त्यात एक माणूस देवाला हाका मारतो आणि देव उत्तर देत नाही. वाचकानं घसा साफ केला. आवाज पहिल्यासारखा लागला नाही, फाटका आला.

"मी तुला हाक मारतो आणि माझाच आवाज माझ्याकडे परत येतो," तो वाचायला लागला. "माझ्या शेजाऱ्यांनी माझ्या दारावरून वाट बदलली. माझ्या डोळ्यातला उजेड तू नेलास. का नेलास, ते सांग. गप्प बसू नकोस. मी मातीत मिळाल्यावर बोललास तर ऐकायला कोण असेल?"

लेक त्याच्याकडे एकटक बघत होती. "हे ग्रंथात आहे?"

"आहे."

"कुणीतरी असं म्हणालंय? देवाला?"

"म्हणालंय. आणि कुणी ते पान फाडलं नाही."

ती रडायला लागली. अपघात झाल्यापासून आईनं तिला रडताना पहिल्यांदा बघितलं. एकाच डोळ्यातून पाणी येत होतं. दुसऱ्या बाजूची कातडी नुसती थरथरत होती. आई जाऊन तिच्यामागं बसली आणि तिला टेकू दिला. वाचक वाचत राहिला.

दारात सावली आली. मुकादम होता. त्यानं आत डोकावून पोरांची डोकी मोजल्यासारखं केलं.

"हे कसलं वाचन?"

"ग्रंथच आहे," वाचक म्हणाला.

"असलं असतं होय ग्रंथात? देवाला जाब विचारायचं?" तो क्षणभर घुटमळला, मग त्याला आपलं काम आठवलं. "ते जाऊ दे. ही खोली भट्टीची आहे. मालकांनी सांगितलंय, रिकामी करा. सामान उचला आणि निघा."

उंच्या उठायला लागला. धाकट्यानं बापाकडे पाहिलं. वाचकानं ओळीवरचं बोट काढलं. तो ग्रंथ मिटणार, असं सगळ्यांना वाटलं.

"उचलतो," आई म्हणाली. ती लेकीला धरून तशीच बसली होती. मुकादमाकडे तिनं मान वर करून बघितलं, आणि मग नवऱ्याकडे. "अहो, आधी पान संपवा."

वाचकानं ओळ शोधली आणि पुढं वाचायला लागला. मुकादम दारात उभा होता. त्याला आत येता येईना आणि जाताही येईना. पान लांब होतं.